परसांतील मिरवेल : पैदास व वळण

मालवणाकडील घराचें परस म्हटलें म्हणजे चार माड, विहिरीच्या पाटाकडेला दहापांच पोफळी, एखादा फणस, एक रायवळ आंबा आणि वईच्या कडेला कोकमाचें झाड, हें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. या झाडांचीं फळें घरांत येतात. परंतु त्यांचीं खोडें मात्र जमिनीपासून पंधरावीस फुटांपर्यंत मोकळीं उभीं असतात. ज्या गृहस्थाची जमीन थोडी आणि झाडें जुनीं, त्याच्या दृष्टीनें हीं मोकळीं खोडें म्हणजे पडीक राहिलेलें शेतच होय. या उभ्या शेतांत पिकणारी आणि येथील हवेस पूर्णपणें मानवणारी वस्तु म्हणजे मिरवेल. तिचीं रोपें घरच्याघरीं कशीं करावीं आणि कोंवळ्या वेलीस पहिल्या तीन वर्षांत वळण कसें लावावें, हा या भाषणाचा विषय आहे.

वेल म्हटली कीं पुष्कळांच्या मनांत प्रथम द्राक्षाची वेल येते. नाशिक-सांगलीकडील मळे पाहून आलेला एखादा चाकरमानी चार डोळ्यांची कांडी पिशवींत घालून गांवीं आणतो आणि विहिरीजवळ मांडव घालून ती लावतो. कांडी फुटते, वेल मांडवभर पसरते, आणि पुढें फळाचें नांव नसतें. यांत लावणाराचा दोष फारसा नाहीं. देशावर द्राक्षाची छाटणी वर्षांतून दोनदां होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात व पक्व होतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर त्या काड्यांच्या डोळ्यांतून घड बाहेर पडतात, आणि पुढील फुलोरा, फळधारणा व पक्वता हीं सारीं कोरड्या हवेंत पार पडतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकांठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. नेमक्या याच महिन्यांत द्राक्षाच्या काडीनें पक्व व्हावयाचें असतें. ओल्या पानांवर केवडा व करपा हे बुरशीचे रोग उतरतात, पानें झडतात, काडी कच्ची राहते, आणि कच्च्या काडींत घड धरत नाहीं. देशावरच्या कसलेल्या बागाईतदारासही अवेळीं आलेला एक पाऊस रडवितो. मग किनाऱ्यावरील हौशी माणसाची काय कथा?

मिरवेलीची प्रकृति याच्या अगदीं उलट आहे. द्राक्षास जो पाऊस मारक, तोच मिरीस तारक. उन्हाळ्यांत वेल विसावते. मृगाचे पाऊस पडले कीं तिला नवी पालवी फुटते आणि प्रत्येक नव्या पानासमोर एकेक फुलाचा तुरा लोंबूं लागतो. हा तुरा बोटभर लांबीचा असून त्यावरील फुलें इतकीं बारीक असतात कीं, तीं दिसण्यास डोळा सरावावा लागतो. परागांची वाहतूक मुख्यतः पाऊसच करतो. तुऱ्यावरून ओघळणारें पाणी वरच्या फुलांतील पराग खालच्या फुलांपर्यंत नेतें. म्हणून जून-जुलैंत पालवी फुटल्यावर पावसानें आठपंधरा दिवस दडी मारली, तर त्या वर्षीं घोंस विरळ भरतात. अशा खंडांत विहिरीचें पाणी वेलीच्या पानांवर उडविलें तर पुष्कळ फळ वांचतें. ज्या गांवीं मुसळधार पावसाची तक्रार सर्वांच्या तोंडीं असते, तेथें त्या पावसाचें सोनें करणारी अशी ही वेल आहे.

तिला परकी म्हणण्याचें कारण नाहीं. सह्याद्रीच्या दक्षिणेकडील ओल्या रानांत ती आपोआप उगवते. तीच तिची जन्मभूमि. विड्याच्या पानाची वेल आणि पिंपळी या तिच्या सख्ख्या बहिणी होत. अमरकोशांत मिरीस ‘वेल्लज’ असें एक नांव दिलें आहे. त्याचा अर्थ वेलीपासून झालेलें. इसवी सन ४०८ मध्यें गॉथ लोकांचा राजा अलारिक यानें रोम शहरास वेढा घातला, तेव्हां वेढा उठविण्यासाठीं मागितलेल्या खंडणींत सोन्यारुप्याबरोबर तीन हजार पौंड मिरीही होती. १४९८ सालीं वास्को-द-गामा कालिकतास येऊन पोहोंचला, तो मसाल्याच्या, विशेषतः मिरीच्या व्यापाराकरितां. ज्या वस्तूसाठीं एवढीं गलबतें मालवणच्या समुद्रावरून गेलीं, ती वस्तु मालवणच्या परसांत स्वस्थपणें वाढूं शकते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. बांदा, सावंतवाडी व दोडामार्ग या बाजूच्या कुळागरांत पोफळींवर चढलेल्या मिरवेली आजही पाहावयास मिळतात.

आतां वेलीची घडण पाहूं. ती समजली म्हणजे पैदास आणि वळण या दोहोंचें मर्म हातीं आलें. मिरवेलीस तीन प्रकारचे फांटे येतात. पहिला प्रकार उभ्या फांट्यांचा. हे सरळ वर चढतात. यांच्या प्रत्येक पेराशीं आंखूड मुळें फुटतात व तीं झाडाच्या सालीस घट्ट धरतात. दुसरा प्रकार आडव्या फांद्यांचा. या उभ्या फांट्याच्या पेरांतून बाजूस निघतात, त्यांस चिकटणारीं मुळें नसतात, आणि सर्व फळ याच फांद्यांवर येतें. तिसरा प्रकार धांवत्या फांट्यांचा. हे वेलीच्या बुंध्यापासून निघून जमिनीवरून लांब पसरतात आणि पेरापेराशीं मातींत मुळें टाकतात. थोडक्यांत, उभा फांटा वेलीस उंची देतो, आडवी फांदी फळ देते, आणि धांवता फांटा रोपें देतो.

येथें द्राक्ष व मिरी यांतील आणखी एक भेद सांगणें जरूर आहे. द्राक्षाचा घड नव्या फुटीवर येतो; म्हणून जुनें छाटल्यावांचून फळ नाहीं. मिरीच्या आडव्या फांद्या मात्र वर्षानुवर्षें टिकतात आणि दरसाल त्यांच्याच शेंड्यांकडे नवी पालवी व नवे तुरे येतात. द्राक्षाच्या मळ्यांतील कात्री मिरवेलीच्या आडव्या फांद्यांवर चालविली, तर पुढील वर्षाचें फळच छाटलें जातें. कात्री लावावयाची ती उभ्या शेंड्यास आणि धांवत्या फांट्यांस. आडव्या फांदीस नव्हे.

रोपें करण्यापूर्वीं मातृवेलीची निवड करावी लागते, आणि सर्व कामांत हीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. धांवत्या फांट्याची वेल लावल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षीं फळास येते. निवड चुकली तर ती चूक तीनचार वर्षांनीं कळते, आणि तोंवर झाडाचें खोड अडकून पडलेलें असतें. पुष्कळदां असें घडतें कीं, एखादा गृहस्थ घाटाच्या रानांतून जोमदार मिरवेल उपटून आणतो. वेल फणसावर झपाट्यानें चढते, पानें हिरवींगार होतात, शेजारीपाजारी कौतुक करतात. परंतु पांचव्या वर्षींही मिरीचा दाणा दिसत नाहीं. कारण रानटी मिरींत नर आणि मादी बहुधा वेगवेगळ्या वेलींवर असतात. नराच्या वेलीस फळ येणेंच शक्य नाहीं, आणि एकट्या मादीस आलें तरी तुरळक. लागवडीच्या जातींत एकाच फुलांत दोन्ही अंगें असतात; शेंकडों वर्षें लोकांनीं निवड करीत आणल्याचें हें फळ आहे. सबब वेल आणावी ती फळ देतांना पाहिलेल्या वेलीचीच.

अशी मातृवेल पांच ते बारा वर्षांची, दरसाल भरघोंस फळणारी, लांब व दाणेदार घोंसांची असावी. घोंस पिकण्याच्या दिवसांत, म्हणजे पौष-माघांत, ती हेरून ठेवावी व तिच्या बुंध्यास खूण बांधावी. जिचीं पानें लहान, आंखडलेलीं वा पिंवळ्या ठिपक्यांचीं असतील, ती कितीहि जवळची असो, सोडून द्यावी. हा रोग कांडीबरोबर नव्या वेलींत जातो आणि त्यावर औषध नाहीं. जातिवंत रोप विकत घ्यावयाचें असेल, तर कोंकण कृषि विद्यापीठाच्या रोपवाटिकांत आणि वेंगुर्लें येथें १९५७ पासून चालत असलेल्या फळ संशोधन केंद्रांत चौकशी करावी. केरळांत पन्नियूर येथें १९५२ सालीं मिरी संशोधन केंद्र निघालें. तेथें उथिरनकोट्टा व चेरियकनियकाडन या दोन जातींच्या संकरांतून ‘पन्नियूर-१’ ही जात तयार झाली. तिचे घोंस लांब आणि दाणे टपोरे असतात, परंतु तिला उजेड पाहिजे. दाट सांवलींत ती रुसते. ज्यांचें परस गर्द झाडीचें असेल, त्यांस सांवली सोसणारी ‘करिमुंडा’ही जात अधिक बरी.

मातृवेल ठरली म्हणजे पुढील काम धांवत्या फांट्यांचें. पावसाळा संपला कीं बुंध्याभोंवतीं पसरलेले हे फांटे अलगद उचलावेत, वेलीजवळ एक हातभर उंच खुंटी रोंवावी आणि फांटे तिच्याभोंवतीं गुंडाळून ठेवावेत. जमिनीवर राहिल्यास ते पेरापेराशीं मुळें टाकून आपली सांठवलेली शक्ति खर्चून बसतात. खुंटीवर ठेवलेला फांटा माघ-फाल्गुनापर्यंत पक्व होतो. शिमग्याच्या सुमारास तो वेलीपासून कापावा. त्याचा कोंवळा शेंडा आणि बुंध्याकडील जून, कठीण भाग टाकून द्यावा. मधला तिसरा हिस्सा घ्यावा. त्याच्या दोन किंवा तीन पेरांच्या कांड्या धारदार चाकूनें कराव्या. पानें देंठाचा थोडा भाग ठेवून कापून टाकावीं, म्हणजे कांडींतील पाणी उडून जात नाहीं. कांडीची खालची बाजू कोणती व वरची कोणती, याची खूण चुकूं देऊं नये. उलटी लावलेली कांडी बहुधा फुकट जाते.

कांड्या लावण्यास लहान प्लास्टिकच्या पिशव्या पुरतात. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन घेतल्या तरी चालतें. तळाशीं व बाजूंस पाणी निघून जाण्यासाठीं भोंकें पाडावीं. दोन भाग चांगली माती, एक भाग वाळू व एक भाग जुनें कुजलेलें शेणखत असें मिश्रण भरावें. देवबाग-तारकर्लीच्या पट्टींतील रहिवाशांनीं किनाऱ्याची खारट वाळू वापरूं नये; ओढ्याची गोडी वाळू आणावी. प्रत्येक पिशवींत दोन कांड्या लावाव्या, निदान एक पेर मातीखालीं आणि एक मातीवर राहील अशा. पिशव्या पडवीच्या उत्तरेस किंवा माडाच्या झांवळ्यांचा मांडव घालून त्याखालीं ठेवाव्या. फाल्गुन-चैत्राचे दिवस कडक असतात. म्हणून दिवसांतून दोनतीन वेळां झारीनें पाणी शिंपडावें, परंतु पिशवींत चिखल होऊं देऊं नये. मातीखालील पेरास मुळें व वरील पेरास कोंब येतो. सगळ्याच कांड्या जगत नाहींत. म्हणून पांच वेली हव्या असतील तर दहा पिशव्या भराव्या. वैशाख संपेपर्यंत रोपें लावण्यायोग्य होतात.

तोंवर आधाराचें झाड ठरवावें. माड, पोफळ, फणस, आंबा, पांगारा हीं झाडें चालतात. खोड खरबरीत असलें म्हणजे मुळें लौकर धरतात. पेरूसारख्या ज्या झाडाची साल सुटून पडते, त्यावर वेल टिकत नाहीं. आंब्या-फणसाच्या खालच्या फांद्या थोड्या विरळ करून उजेड आंत येऊं द्यावा. माड निवडावा तो उंच गेलेला; तरुण माडाच्या झांवळ्यांची सांवली फार दाट असते. माडावर चढणाऱ्या पाडेलीची अडचण होऊं नये म्हणून वेल खोडाच्या एकाच बाजूस वाढवावी आणि दुसरी बाजू त्याच्या पायांसाठीं मोकळी ठेवावी. झाड नसेल तर पावसाळ्याच्या आरंभीं पांगाऱ्याचा जाड खुंट रोंवून तो जगवावा. एक वर्षानें तो वेलीस आधार देतो.

खड्डा झाडाच्या उत्तरेस किंवा ईशान्येस घ्यावा. यास कारण आहे. मालवणाच्या अक्षांशावर सूर्य मे महिन्याच्या आरंभीं डोक्यावर येतो, पुढें थोडा उत्तरेस जातो आणि ऑगस्टांत पुन्हां माथ्यावरून दक्षिणेस परततो. तो उत्तरेस असतो तेव्हां बहुतेक दिवस आभाळ ढगांनीं भरलेलें असतें. म्हणजे ज्या महिन्यांत ऊन खरोखर भाजतें, त्या पौषापासून चैत्रापर्यंतच्या महिन्यांत तें दक्षिणेकडून येतें, आणि उत्तरेस लावलेल्या कोंवळ्या वेलीवर खोडाची सांवली आपोआप पडते. खड्डा दीड-पावणेदोन फूट लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल असावा. इतर झाडांपासून तो एक फुटावर घ्यावा. माड-पोफळीच्या बुंध्याशीं मुळांचें दाट जाळें असतें, म्हणून तेथें दोन-अडीच फूट दूर जावें आणि तिरपी काठी लावून वेल खोडापर्यंत न्यावी. जांभ्याच्या कातळांत खड्डा खणल्यास तो पावसांत विहिरीसारखा भरतो व मुळें कुजतात. अशा जागीं चर काढून पाण्यास वाट द्यावी किंवा चिऱ्यांचें आळें रचून त्यांत माती चढवावी. वरच्या थराची माती व शेणखत यांनीं खड्डा भरून भोंवतालच्या जमिनीपेक्षां किंचित् उंच ठेवावा. मृगाचा पाऊस स्थिर झाला कीं प्रत्येक खड्ड्यांत दोन-तीन रोपें लावावीं.

यानंतर वळणाचें काम सुरू होतें. नवा कोंब निघाला कीं तो खोडाकडे वळवून केळीच्या सोपटानें किंवा सुंभानें हलकेच बांधावा. गांठ पेराच्या किंचित् खालीं असावी आणि मुळें फुटणारी बाजू सालीस टेंकलेली असावी. एकदां मुळांनीं साल धरली म्हणजे बंधनाची गरज उरत नाहीं. पावसाळ्यांत दर पंधरवड्यास एक फेरी मारून सुटलेला शेंडा पुन्हां बांधावा. सुटून लोंबकळणारा शेंडा वाऱ्यानें हिंदकळतो, त्याचीं मुळें वाळतात आणि तो वर चढण्याचें सोडून देतो. वर्षभरांत वेल पुरुषभर उंच झाली, कीं तिचा शेंडा खालून आठदहा पेरें ठेवून छाटावा. असें केल्यानें खालच्या डोळ्यांतून नवे उभे फांटे व आडव्या फांद्या फुटतात आणि वेल खालपासून भरते. हें न केल्यास वेल दोरीसारखी सरळ वर पळते, तळाशीं उघडी पडते, आणि फळ हातास न लागेल अशा उंचीवर येतें.

केरळांत यापुढें आणखी एक युक्ति करतात. वेल वर्षा-दीडवर्षाची झाली कीं पावसाळ्याच्या आरंभीं ती खोडापासून हळूच सोडवतात, खालच्या भागावरील पानें काढतात, खोडाभोंवतीं वीतभर खोल गोल चर खणून त्यांत ती वेढ्यासारखी बसवतात आणि केवळ शेंडा वर ठेवून पुन्हां खोडास बांधतात. मातीखालीं गेलेल्या पेरांपेरांतून मुळें फुटतात. वेलीचा पाया रुंद होतो. दाब कलमाचाच हा एक प्रकार आहे. काम नाजूक आहे, हात सावकाश असावा. परंतु ज्यांनीं तें केलें त्यांच्या वेली भरगच्च होतात. वेल पंधरावीस फुटांवर गेली म्हणजे शेंडा रोखावा. शिडीनें सुखरूप पोहोंचतां येईल तेवढीच उंची उपयोगाची.

पहिले दोन उन्हाळे मात्र कसोटीचे असतात. मुळें उथळ असतात आणि जांभ्याची जमीन लौकर तापते. माघापासून पाऊस येईपर्यंत दर तीनचार दिवसांनीं पाणी द्यावें, बुंध्याभोंवतीं वाळका पालापाचोळा वीतभर जाडीनें पसरावा आणि पश्चिमेचें ऊन लागत असेल तर झांवळ्यांचा आडोसा करावा. समुद्राच्या थेट तोंडावर असलेल्या घरांनीं खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा असलेल्या मागील अंगणांतच वेल लावावी. फळास आलेल्या वेलीस प्रतिवर्षीं दहा किलो शेणखत पुरतें. पहिल्या वर्षीं त्याचा तिसरा हिस्सा, दुसऱ्या वर्षीं दोन हिस्से द्यावे. खत बुंध्यापासून एक फूट दूर पसरून मातीनें नुसतें झांकावें. कुदळ चालवूं नये, कारण तुटलेलें प्रत्येक मूळ रोगास दार उघडून देतें. आमची जांभ्याची माती आम्ल असल्यामुळें एक वर्षाआड, पावसापूर्वीं, वेलीमागें अर्धा किलो चुना द्यावा.

या वेलीचा खरा शत्रू जलद मर हा रोग आहे. फायटॉप्थोरा नांवाची बुरशी पावसाळ्यांत मातींतून उठते. तिचीं बीजें पाण्यांत पोहतात आणि थेंबांबरोबर उडून जमिनीलगतच्या पानांवर बसतात. पानांवर काळे डाग पडतात व त्यांची कडा झालरीसारखी दिसते. रोग बुंध्यापर्यंत पोहोंचला, कीं दहा वर्षांची वेल महिनाभरांत पानें गाळून वाळून जाते; आषाढांत हिरवी असलेली वेल गणेशचतुर्थीस काठी होते. यावरून धांवत्या फांट्यांविषयीं वर सांगितलेल्या गोष्टीचें दुसरें महत्त्व लक्षांत येईल. जे फांटे रोपें देतात, तेच जमिनीवर पडून राहिले तर रोगास वर चढण्याची शिडी होतात. म्हणून पावसापूर्वीं ते एकतर उचलून बांधावे किंवा कापून टाकावे. बुंध्याशीं पाणी सांचूं देऊं नये. आणि मेलेली वेल मुळांसकट काढून जाळावी.

प्रतिबंधासाठीं बोर्डो मिश्रण वापरतात, आणि येथें द्राक्षवेल मिरवेलीच्या उपयोगी पडते. फ्रान्समधील बोर्डो प्रांतांत रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर, वाटसरूंनीं घड तोडूं नयेत म्हणून, मोरचूद व चुना यांचें निळें पाणी शिंपीत असत. अशा वेलींचीं पानें केवडा रोगापासून वांचलेलीं पाहून तेथील प्राध्यापक मियार्दे यांनीं प्रयोग केले आणि १८८५ सालीं हें औषध प्रसिद्ध केलें. घरच्यासाठीं शंभर ग्रॅम मोरचूद पांच लिटर पाण्यांत आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पांच लिटरांत विरवावा. मोरचुदाचें पाणी ढवळीत ढवळीत चुन्याच्या पाण्यांत ओतावें. भांडें मातीचें किंवा प्लास्टिकचें असावें, लोखंडाचें नसावें. मिश्रणांत स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस लेप आला तर आणखी थोडें चुन्याचें पाणी घालावें. हें मिश्रण त्याच दिवशीं वापरावें. शिळें झाल्यास त्याचा गुण जातो. मृगापूर्वीं एकदां आणि ऑगस्टांतील उघडिपींत पुन्हां एकदां पानांवर व बुंध्यावर फवारावें. फवारतांना हातमोजे व तोंडास फडकें असावें आणि विहिरीचें तोंड झांकलेलें असावें.

तिसऱ्या-चौथ्या वर्षीं पहिले घोंस येतात. पावसाळ्यांत धरलेलें फळ सहा ते आठ महिन्यांत तयार होतें. घोंसांतील एकदोन दाणे तांबडे झाले कीं घोंस तोडावा. सर्व दाणे पिकण्याची वाट पाहिली तर पक्षी आपला वाटा घेऊन जातात. दाणे मोकळे करून, पातळ फडक्यांत बांधून, उकळत्या पाण्यांत मिनिटभर बुडवून काढले, तर रंग सारखा काळा येतो. खळ्यांत चटईवर चारपांच दिवस कडक ऊन दिलें म्हणजे काळी मिरी तयार झाली. शंभर किलो ओल्या दाण्यांची सुमारें तेहतीस किलो वाळलेली मिरी होते. पांढरी मिरी निराळ्या वेलीची नव्हे; पूर्ण पिकलेले दाणे आठवडाभर पाण्यांत ठेवून, साल चोळून काढून वाळविले कीं तीच पांढरी होते.

मुंबईस राहणाऱ्या श्रोत्यांसही यांत भाग घेतां येईल. मघां सांगितलेल्या आडव्या फांदीची तीनचार पेरांची कांडी लावली, तर तिची वेल न होतां झुडूप होतें, आणि वर्षाच्या आंतच तिला तुरे येतात. हिला मुळें फुटण्यास वेळ लागतो. म्हणून कुंडीवर प्लास्टिकची पिशवी उपडी घालून हवा दमट ठेवावी. चाळीच्या सज्जांत, सकाळचें ऊन येईल अशा जागीं, एक कुंडी घरच्या काढ्यापुरती मिरी देते.

कोंकणांतील कितीतरी घरें आज वर्षांतील बहुतेक दिवस बंद असतात. शिमगा, मे महिना आणि चतुर्थी एवढ्यापुरतीं तीं उघडतात. मिरवेलीचीं मोठीं कामें पाहिलीं तर तीं बहुतांशीं याच दिवसांत येतात : शिमग्यास कांड्या कापणें, मेच्या अखेरीस खड्डे भरून औषध फवारणें, चतुर्थीस सुटलेले शेंडे बांधणें. मधल्या काळांत पाणी घालण्यास व रोप लावण्यास गांवांत कोणीतरी लागेल. त्यास पिकाचा वाटा द्यावा, म्हणजे काम आपलेपणानें होतें. आजोबांनीं लावलेला माड नातवंडांस नारळ देतच आहे. त्याच्या खोडावर चढविलेली चांगली वेल वीस वर्षें आणि त्याहूनही अधिक फळते. यंदाच्या पौषांत आपल्या आळींत घोंसांनीं लगडलेली वेल कोणाच्या परसांत आहे, तेवढें पाहून ठेवावें आणि तिच्या धन्याकडे एका धांवत्या फांट्याची मागणी करावी. कोंकणांत असल्या मागणीस नाहीं म्हणण्याची रीत नाहीं.